काउंटीतला फोर-एच क्लब: सुरू कसा करायचा, चालवायचा कसा

नोकरीमुळे अमेरिकेत पिओरिया, मोलिन किंवा इंडियानातल्या कोलंबससारख्या गावांच्या आसपास राहायला आलेल्या मराठी घरांत फोर-एच या मुलांच्या क्लबांच्या उपक्रमाची ओळख बहुधा मुलांच्या दप्तरातून येणाऱ्या हिरव्या पत्रकातून होते. पत्रकावर गाईचं किंवा डुकराचं चित्र असतं. ‘हे शेतकऱ्यांच्या मुलांचं काहीतरी’ असं म्हणून ते बाजूला पडतं. फोर-एचमध्ये जनावरं आहेतच, पण फोटोग्राफी, सुतारकाम, शिवण, रोबोटिक्स, रॉकेट, परसबाग, बेकिंग आणि कुत्र्याला शिस्त लावणं हे सगळंही आहे. लहान काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, मुलांसाठी वर्षभर चालणारं, शाळेबाहेरचं दुसरं काही फारसं नसतं. आणि तिथे स्वयंसेवकांचा कायमचा तुटवडा असतो. आपल्या मुलाला नुसतं सोडायला जाणाऱ्या आईबाबांनी क्लबची जबाबदारी घ्यायची ठरवली तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे.

आधी रचना समजून घ्या

फोर-एच ही खासगी संस्था नाही. १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी मुलांचा शेतीविषयक क्लब सुरू केला, ती याची सुरुवात मानतात. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठांच्या विस्तार सेवेला, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान गावोगावच्या लोकांपर्यंत नेणाऱ्या एक्स्टेन्शनला, सरकारी पाठबळ मिळालं आणि असे क्लब तिच्या छत्राखाली आले. आज पैसा आणि अधिकार तीन ठिकाणांहून येतात: केंद्राचं कृषी खातं, राज्याचं लँड-ग्रँट, म्हणजे सरकारी जमिनीच्या देणगीतून उभं राहिलेलं, विद्यापीठ (आयोवात आयोवा स्टेट, इंडियानात पर्ड्यू, टेक्ससमध्ये टेक्सस ए अँड एम) आणि तुमची काउंटी.

याचा व्यवहारात अर्थ असा की तुम्ही विद्यापीठाचे स्वयंसेवक असता. नियम शेजारच्या क्लबच्या लीडरने सांगितले म्हणून खरे नसतात. शेजारच्या राज्यात चालतं ते तुमच्याकडे चालेलच असंही नाही. साधी वयाची अट घ्या. इंडियानात पूर्ण सभासदत्व तिसरीपासून, त्याआधी मिनी फोर-एच. आयोवात चौथीपासून, त्याआधी क्लोव्हर किड्स. बऱ्याच राज्यांत शेवटची मर्यादा १८-१९ वर्षांच्या आसपास. म्हणून पहिला फोन काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला.

चार पानांचं हिरवं चिन्ह आणि ‘फोर-एच’ हे नाव दोन्ही केंद्राच्या कायद्याने राखलेली आहेत. टी-शर्ट छापताना पान तिरपं करणं, त्यावर मजकूर चढवणं, एखादं पान कापणं चालत नाही. देठ उजवीकडे वळलेला असतो. छापखान्यात देण्याआधी नमुना ऑफिसला दाखवा. पन्नास शर्ट छापून झाल्यावर चूक कळली तर पैसे क्लबचे जातात.

एक्स्टेन्शन ऑफिसची पहिली भेट

नवीन क्लब काढण्याआधी विचारा: काउंटीत आत्ता किती क्लब आहेत, कोणता लीडर थकलेला आहे आणि कुठल्या भागातल्या मुलांना जवळ क्लबच नाही. बऱ्याचदा नवीन क्लब काढण्यापेक्षा बंद पडत चाललेला क्लब हाती घेणं सोपं जातं. त्याची सनद, बँक खातं, मीटिंगची जागा सगळं तयार असतं.

क्लबचे प्रकारही विचारा. कम्युनिटी क्लबमध्ये वेगवेगळ्या प्रोजेक्टची, म्हणजे मुलाने स्वतः निवडलेल्या विषयांची, मुलं एकत्र येतात आणि तो वर्षभर चालतो. प्रोजेक्ट क्लब एकाच विषयाचा, जसं की फक्त ससे किंवा फक्त रोबोटिक्स. इलिनॉयसारख्या काही राज्यांत स्पिन क्लब असतात. विषय एकच, सभासद निदान पाच, सत्रं निदान सहा. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी स्पिन क्लबने सुरुवात करावी. सहा आठवड्यांत आपल्याला हे झेपतं का ते कळतं आणि मुलांचंही वर्ष अडकत नाही.

सनदेसाठी बहुतेक ठिकाणी लागतं ते असं: निदान पाच मुलं, तीही एकाच घरातली नव्हेत तर दोन-तीन कुटुंबांतली, मंजुरी मिळालेले निदान दोन प्रौढ, क्लबचं नाव, लिखित नियमावली, मुलांतून निवडलेले पदाधिकारी, वर्षाचा आराखडा.

एक गोष्ट मराठी कुटुंबांनी नीट लक्षात घ्यावी. चार-पाच मराठी घरं एकत्र आली की ‘आपल्या मुलांचाच क्लब काढू’ असा विचार येतो. फोर-एच क्लब कोणत्याही मुलासाठी खुला असावाच लागतो. भाषा, धर्म किंवा देश यावरून प्रवेश ठरवता येत नाही. मीटिंग देवळाच्या हॉलमध्ये घेता येते, पण मीटिंगमध्ये आरती नको. मराठी शाळा आणि मंडळ वेगळं ठेवा. क्लबमध्ये शेजारच्या शेतावरची मुलं यायलाच हवीत. गावात आपली मुळं धरायची तर याहून चांगली वाट नाही.

स्वयंसेवक म्हणून मंजुरी

अर्ज, दोन-तीन ओळखीच्या व्यक्तींची शिफारस, पार्श्वभूमी तपासणी, ऑनलाइन प्रशिक्षण आणि काही ठिकाणी मुलाखत, अशा पायऱ्या असतात. यात काही आठवडे सहज जातात. मंजुरी हातात येईपर्यंत मुलांसोबत एकट्याने काहीही करायचं नाही, घरी ‘अनौपचारिक’ मीटिंगसुद्धा नाही.

अर्ज अडतो तो दोन ठिकाणी. पहिलं, शिफारस देणारे पुण्यात किंवा नागपुरात असतात आणि त्यांना आलेला ईमेल स्पॅममध्ये जातो. शिफारशीसाठी इथला शेजारी, मुलांची शिक्षिका किंवा ऑफिसमधला सहकारी निवडा आणि ईमेल येणार आहे हे त्यांना आधी सांगा. दुसरं, एच-४ व्हिसावरच्या (जोडीदाराच्या नोकरीमुळे आलेल्या) आईकडे किंवा वडिलांकडे बहुतेकदा सोशल सिक्युरिटी नंबर नसतो आणि तपासणीचा ऑनलाइन फॉर्म तो मागतो. रकाना रिकामा सोडून वाट बघत बसू नका. पहिल्याच भेटीत ऑफिसला सांगा आणि त्यांच्याकडे पर्यायी रीत काय आहे ते विचारा.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम सगळीकडे जवळजवळ सारखे आहेत. कोणताही स्वयंसेवक दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकटा नसतो. मंजूर झालेले दोन प्रौढ हजर लागतात. एकाच मुलाला गाडीतून सोडायची वेळ आली तर दुसरा प्रौढ किंवा आणखी मुलं बरोबर हवीत. मेसेज पाठवताना पालक किंवा दुसरा लीडर त्या धाग्यात असतोच. फोटो टाकण्याआधी त्या मुलाच्या पालकांची लेखी परवानगी तपासा. इंडियाना आणि टेक्ससमध्ये मुलावर अत्याचाराचा संशय आला तर तो कळवणं प्रत्येक प्रौढावर कायद्याने बंधनकारक आहे, फक्त शिक्षकांवर किंवा डॉक्टरांवर नाही. ‘घरातली बाब आहे, आपण कशाला’ हा विचार तिथे चालत नाही.

पैसा

क्लबचा पैसा थोडा असतो, वर्षाला काहीशे डॉलर. तरी सर्वांत जास्त भांडणं यावरूनच होतात. म्हणून सुरुवातीपासून हे पाळा.

खातं क्लबच्या नावाने आणि क्लबच्या ईआयएन क्रमांकावर, म्हणजे संस्थेच्या करओळख क्रमांकावर. कुणाच्याही सोशल सिक्युरिटी नंबरवर नाही. चेकवर दोन सह्या, आणि सह्या करणारे एका घरातले नसावेत. नवरा-बायको दोघं लीडर असतील तर एकानेच सही करावी. वेन्मो किंवा झेलवर लीडरच्या खासगी खात्यात वर्गणी घेऊ नका. सोपं वाटतं, पण वर्षअखेरीस क्लबचे पैसे कोणते आणि घरचे कोणते हे सांगता येत नाही.

रोख आली तर दोघांनी मोजायची, पावती फाडायची, त्याच आठवड्यात भरायची. दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट वहीशी जुळवायचं. वर्षाच्या शेवटी सहीचा अधिकार नसलेल्या दोन प्रौढांनी आणि दोन मुलांनी मिळून हिशेब तपासायचा.

काही राज्यांत क्लबला स्वतः आयआरएसकडे, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडे, दरवर्षी ९९०-एन नावाची छोटी ऑनलाइन नोंद करावी लागते. ती आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायची असते. वर्ष ३० सप्टेंबरला संपत असेल तर १५ फेब्रुवारी. भरायला दहा मिनिटं लागतात. पण लागोपाठ तीन वर्षं राहून गेली तर करसवलत आपोआप जाते, आणि हे नेमकं लीडर बदलताना घडतं. जुन्या लीडरच्या ईमेलवर आठवण येत राहते, नव्याला पत्ता नसतो.

लकी ड्रॉ किंवा रॅफल काढण्याआधी थांबा. बऱ्याच राज्यांत तो जुगाराच्या कायद्यात येतो. पॅनकेक ब्रेकफास्ट, रोपांची विक्री, गाड्या धुणं हे सुरक्षित. तरीही आधी ऑफिसची परवानगी घ्या.

मासिक मीटिंग

क्लब टिकतो की नाही हे इथे ठरतं. मीटिंग मुलांनी चालवायची. मोठ्यांनी मागे बसायचं. म्हणायला सोपं आहे, पण बारा वर्षांची अध्यक्ष अडखळली की मागून लगेच कुणीतरी मोठं माणूस बोलतं. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी मुलं अध्यक्षाकडे न पाहता थेट त्या माणसाकडे बघू लागतात. मग अध्यक्षपद नावालाच उरतं.

त्यावर उपाय तयारीचा. मीटिंगच्या आधी १५ मिनिटं पदाधिकाऱ्यांना बोलवा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्ताहर. त्यांच्याबरोबर बसून विषयपत्रिका त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या आणि अध्यक्षाकडून प्रत्येक विषयाचं पहिलं वाक्य एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. एवढ्याने अर्धी भीती जाते. मीटिंग सुरू झाल्यावर लीडरने मुलांच्या रांगेमागे बसावं, अध्यक्षाच्या शेजारी नाही.

सव्वा तासाची मीटिंग साधारण अशी बसते. मुलं येतील तशी पहिली दहा मिनिटं हातांना काहीतरी काम, म्हणजे बिया वेगळ्या करणं, पोस्टर रंगवणं. मग राष्ट्रध्वजाची आणि फोर-एचची प्रतिज्ञा. फोर-एचच्या प्रतिज्ञेत डोकं, हृदय, हात आणि आरोग्य यांचं नाव घेताना हातांच्या चार खुणा असतात. नव्या मुलांना त्या आधी शिकवून ठेवा म्हणजे त्यांना अवघडायला होत नाही. मग हजेरी. ती नुसती ‘हजर’ म्हणून घेऊ नका. प्रत्येकाने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, ‘या महिन्यात प्रोजेक्टमध्ये काय केलं’ किंवा ‘न आवडणारी भाजी कोणती’. बुजरं मूल त्या संध्याकाळी निदान एकदा सगळ्यांसमोर बोलतं, आणि वर्षभरात त्याचा फरक दिसतो.

नंतर २० मिनिटं कामकाज. मागचं इतिवृत्त, खजिनदाराचा अहवाल, समित्या, जुने विषय, नवे विषय. इतिवृत्तात कोण काय बोललं ते नको, काय ठरलं आणि ठराव कुणी मांडला तेवढं हवं. खजिनदाराचा अहवाल चार आकड्यांचा: आधीची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक. त्यावर मतदान घ्यायचं नसतं. अहवाल तपासणीसाठी ठेवला जातो आणि मान्यता मिळते ती वर्षअखेरच्या हिशेबतपासणीला. बऱ्याच क्लबांत दर महिन्याला अहवाल ‘पास’ करतात, ते चुकीचं आहे.

ठरावाची शिस्त मात्र नीट शिकवा. एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग चर्चा, मग मत, मग अध्यक्षाने निकाल सांगायचा. मुलं चर्चा आधी करतात आणि अर्ध्या तासाने कुणाच्या लक्षात येतं की ठराव मांडलेलाच नाही. अध्यक्षाने अशा वेळी एवढंच विचारायचं, ‘यावर कुणी ठराव मांडतंय का?’ सुरुवातीला सरावासाठी खऱ्या पैशाचा विषय घ्या. ‘थँक्सगिव्हिंगला फूड पँट्रीला ४० डॉलरचं सामान द्यायचं की वृद्धाश्रमात कार्डं न्यायची?’ असा. पैसा खरा असला की नऊ वर्षांचं मूलही लक्ष देऊन हात वर करतं.

त्यानंतर अर्धा तास कार्यक्रम. यात एका मुलाचं पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक असावंच. शेवटी खेळ आणि खाणं. खाण्याच्या बाबतीत एक सूचना: शेंगदाण्याची चिक्की, लाडू, कूट घातलेलं काहीही आणण्याआधी ॲलर्जीची यादी बघा. इथे प्रत्येक क्लबात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल असतं असं धरूनच चाला. नाव आणि घटक लिहिलेली चिठ्ठी डब्याला लावा.

प्रोजेक्ट निवडताना

पहिल्या वर्षी एक प्रोजेक्ट, फार तर दोन. मुलं उत्साहात सहा निवडतात आणि जूनमध्ये आई रात्री जागून पोस्टर चिकटवते. परीक्षकाला ते पाहताक्षणी कळतं.

परसबाग ही आपल्या घरांसाठी सर्वांत सोपी सुरुवात. काउंटी फेअरच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या जत्रा-प्रदर्शनाच्या, पुस्तकात प्रत्येक भाजीचे किती नग ठेवायचे ते दिलेलं असतं, उदाहरणार्थ एका ताटात पाच टोमॅटो. परीक्षक सर्वांत मोठा टोमॅटो शोधत नाही. पाचही एका आकाराचे, एका रंगाचे, एका जातीचे आहेत का ते बघतो. चार मध्यम आणि एक भलाथोरला ठेवला की खालच्या दर्जाची रिबन मिळते. बटाटे खसाखसा धुऊ नका, साल सुटते. माती सुकल्यावर मऊ ब्रशने झटका. भेंडीला बहुतेक ठिकाणी स्वतंत्र वर्ग असतो. कारली, दुधी, गवार ‘इतर भाज्या’ या वर्गात मांडता येतात. शेजारी छोटं कार्ड ठेवून भाजीचं नाव आणि ती कशी शिजवतात ते मुलाच्या अक्षरात लिहिलं तर परीक्षक थांबून वाचतात.

खाद्यपदार्थांत नानकटाई कुकीजच्या वर्गात व्यवस्थित बसते. पाककृतीचं कार्ड जोडायचं. ज्याला फ्रिज लागतो ते, म्हणजे खवा, क्रीम, क्रीम चीजचं आयसिंग, बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, कारण वस्तू दिवसेंदिवस जुलैच्या उकाड्यात मांडलेली असते. आणि लोणचं घरच्या पद्धतीने घालून फूड प्रिझर्व्हेशनमध्ये नेऊ नका. या विभागात कृषी खात्याने किंवा विद्यापीठाने प्रयोगशाळेत तपासलेलीच कृती चालते, बाटली उकळत्या पाण्यात ठरलेली मिनिटं ठेवलेली असावी लागते. आजीचं कैरीचं तेलातलं लोणचं कितीही वर्षं टिकत असलं तरी ते बाद होतं. जॅम करत असाल तर बाटलीत वर पाव इंच जागा सोडा, फळं आणि व्हिनेगरची लोणची असतील तर अर्धा इंच. गाव समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपेक्षा उंच असेल तर उकळण्याचा वेळ वाढतो. लेबलवर पदार्थ, तारीख, पद्धत आणि मिनिटं हवीत.

जनावर घ्यायचंच असेल तर

आधी घरात मोकळेपणाने बोला. मार्केट प्रोजेक्टमधलं डुक्कर, मेंढी किंवा बैल फेअरनंतर कत्तलखान्यात जातो. हे मुलाला लिलावाच्या दिवशी कळणं योग्य नाही. ते पटत नसेल तर दुसऱ्या वाटा भरपूर आहेत. शेतकऱ्याची दुभत्या जातीची कालवड भाड्याच्या कराराने सांभाळता येते, शोनंतर ती परत तिच्या गोठ्यात जाते. ससे, अंड्याच्या कोंबड्या, कुत्रा यांत विक्रीची सक्ती नाही. शाकाहारी घरातल्या मुलाने कालवड सांभाळून दूध, चारा आणि वासरं यांचा अभ्यास केला तर तो पूर्ण वजनाचा प्रोजेक्ट असतो. कमी दर्जाचा मुळीच नाही.

डुक्कर पाळायचं ठरलं तर गणित आधी. फेअरचं वजन १५ जुलैला आहे असं धरा. १ एप्रिलला ६० पौंडांचं पिल्लू आणलं तर हातात १०५ दिवस आहेत. चांगलं खाणारं डुक्कर दिवसाला साधारण १.८ पौंड वाढतं, म्हणजे १८९ पौंड. शेवटचं वजन २४९. बहुतेक फेअरच्या २४० ते २८० च्या टप्प्यात हे बसतं. तेच पिल्लू १ मार्चला आणलं तर १३६ दिवस होतात, वजन ३०० च्या वर जातं आणि वर्गाबाहेर पडतं. मग लोक शेवटच्या महिन्यात खाणं तोडतात. ते जनावरावर अन्याय करणारं आहे आणि त्याने मांसही बिघडतं. पिल्लू उशिरा आणा किंवा लहान आणा, उपाशी ठेवू नका.

एक पौंड वाढीला सुमारे तीन पौंड खाद्य लागतं. वरच्या हिशेबाने ५६७ पौंड, म्हणजे ५० पौंडांची बारा पोती. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. वाढ मंदावली तर आधी पाणी बघा. उन्हाळ्यात एक डुक्कर दिवसाला तीन ते पाच गॅलन पितं आणि पाण्याचा निपल (चोखून प्यायची तोटी) चोंदला तर दुपारपर्यंत कुणाला कळत नाही. डुकराला घाम येत नाही. ८५ फॅरनहाइटच्या पुढे ते खाणं कमी करतं. सावली, वाहती हवा आणि अंगावर पाण्याचा शिडकावा हवाच. पांढऱ्या कातडीला ऊन भाजतं.

कागदपत्रं चुकली तर जनावर कितीही चांगलं असलं तरी आत घेत नाहीत. इंडियानात बऱ्याच जनावरांची नोंद १५ मेच्या आत करावी लागते. मार्केट प्रोजेक्टमधल्या बैलांची तारीख त्याहून आधी असते. मेंढ्या-बकऱ्यांच्या कानात स्क्रेपी रोगाचा सरकारी टॅग हवा. वायक्यूसीए हे पशुसंगोपन आणि अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण बऱ्याच राज्यांत दरवर्षी नव्याने करावं लागतं. जून २०२३ पासून महत्त्वाची अँटिबायोटिक्स दुकानात सरळ मिळत नाहीत, पशुवैद्याची चिठ्ठी लागते. तेव्हा जनावर आजारी पडण्याआधीच एखादा पशुवैद्य ठरवून ठेवा. ग्रामीण काउंटीत मोठ्या जनावरांचा डॉक्टर तासभर लांब असू शकतो. दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची तारीख, मात्रा आणि औषध उतरण्याचा काळ वहीत हवा. तो काळ पूर्ण व्हायच्या आत विकलेल्या जनावराच्या मांसात औषध सापडलं तर जबाबदारी मुलाच्या नावावर येते.

वही, परीक्षक आणि फेअरचा आठवडा

रेकॉर्ड बुक शेवटच्या रात्री लिहून होत नाही. दर मीटिंगला दहा मिनिटं काढून सगळ्यांनी एकत्र भरायची सवय लावा. तारीख, काय केलं, किती खर्च, काय बिघडलं. ‘१२ मे: काकडीची सहा रोपं लावली. १५ मे: दोन कटवर्मने कापली. पुठ्ठ्याच्या कड्या घातल्या.’ अशा नोंदी परीक्षकाला हव्या असतात. ‘मला खूप मजा आली’ याचा उपयोग नाही.

बहुतेक प्रदर्शनांत निळी, लाल आणि पांढरी रिबन असते. मुलांची आपसांत तुलना होत नाही. ठरलेल्या मापाशी वस्तू ताडून बघतात, म्हणून एकाच वर्गात दहा निळ्या रिबनी मिळू शकतात. चॅम्पियनची जांभळी रिबन वेगळी. आपल्याकडच्या पहिला-दुसरा-तिसरा या सवयीने पालक लाल रिबनला ‘दुसरा नंबर’ समजतात आणि मुलासमोर नाराजी दाखवतात. कृपा करून तसं करू नका. लाल म्हणजे काम चांगलं, सुधारायला जागा आहे. परीक्षकाने कार्डावर काय लिहिलंय ते वाचा आणि पुढच्या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. सर्वांत लहान गटातल्या मुलांना स्पर्धाच नसते, त्यांना सहभागाची रिबन मिळते.

समोरासमोर परीक्षण असेल तर मुलाला तीन प्रश्नांची तयारी करून घ्या: हे कसं केलंस, अवघड काय गेलं, पुन्हा केलंस तर काय बदलशील. उत्तर पाठ करून घेऊ नका. आणि टेबलाजवळ उभं राहून मुलाच्या ऐवजी बोलू नका.

लिलावात जनावर विकलं गेलं तर मुलाने खरेदीदाराला स्वतःच्या हाताने आभाराचं पत्र लिहायचं. दुकानदार, बँक, धान्याचा एलिव्हेटर (धान्य खरेदी करून साठवणारं कोठार) हेच लोक दरवर्षी बाजारभावापेक्षा जास्त देऊन मुलांना उभं करतात. काही काउंट्यांत पत्राची प्रत दिल्याशिवाय चेक मिळत नाही. लिलावाआधी दोन-तीन आठवडे मुलाने दुकानांत जाऊन आमंत्रण द्यावं. बोलणं मुलाचं, गाडी चालवणं तुमचं.

माणसं टिकवणं

एकटा लीडर साधारण दोन-तीन वर्षांत थकतो. पहिल्या दिवसापासून दोघं सहलीडर घ्या. पालकांना ‘मदत करा’ असं मोघम सांगितलं तर कुणी पुढे येत नाही. काम नेमकं सांगा: ‘नोव्हेंबरच्या मीटिंगला साडेसहाला हॉल उघडायचा, खुर्च्या मांडायच्या, साडेआठला कुलूप लावायचं.’ असं एक-एक छोटं काम प्रत्येक घराला सप्टेंबरमध्येच वाटून टाका. ज्याला सुतारकाम येतं त्याला वर्षभराची जबाबदारी मागू नका, चार शनिवार मागा. रिटायर झालेले शेतकरी, शिवणकाम करणाऱ्या आजी, ट्रॅक्टरच्या कारखान्यातले इंजिनिअर यांना चार शनिवार सहज जमतात. मात्र त्यांचीही स्वयंसेवक म्हणून मंजुरी आधी झालेली हवी.

मोठी मुलं, पंधरा वर्षांच्या पुढची, ही लीडरची सर्वांत मोठी ताकद. त्यांना धाकट्यांचा एखादा प्रोजेक्ट शिकवायला द्या. शाळेतले खेळ आणि नोकऱ्या सुरू झाल्या की हीच मुलं आधी गळतात, आणि हातात खरं काम असलं तरच राहतात.

एक जाड फाइल क्लबच्या नावाने ठेवा, लीडरच्या घरच्या कपाटात नाही तर एक्स्टेन्शन ऑफिसला माहीत असलेल्या जागी. त्यात सनद, नियमावली, ईआयएनचं पत्र, बँकेच्या सह्यांची नोंद, मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि इतिवृत्तं, सामानाची यादी, हॉलची किल्ली कुणाकडे आहे ते, आणि सगळ्या ऑनलाइन खात्यांचे ईमेल पत्ते. क्लबसाठी वेगळा ईमेल उघडा म्हणजे लीडर बदलला तरी पत्रव्यवहार तुटत नाही. नवीन लीडर आल्यावर पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन सह्या बदला, आणि त्याच दिवशी फाइल त्याच्या हातात द्या.